कागदावर 22.4, टाकीत किती? लहान गाडीच्या ॲव्हरेजच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

कराडहून आत्तेभावाचा फोन. लहान गाडी घेऊन टुरिस्ट परवान्यावर भाड्याने चालवायची म्हणतोय. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग सगळं वहीत मांडून बसलाय. अडलंय एका आकड्यावर: लिटरला किती किलोमीटर. "दादा, कंपनी बावीस पॉइंट चार म्हणते. मी आपले वीस धरले तर चालतील ना?"

माझ्याकडे जवळपास तशीच गाडी आहे. 998 सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, हाताचे गिअर, टाकी 32 लिटरची. पत्रकावर हाच आकडा होता आणि चार वर्षांपूर्वी मीही तो बघूनच गाडी घेतली. पण ॲव्हरेज किती देते, असं कुणी विचारलं की "सोळा-अठरा" असं हवेतलं उत्तर देतो. चार वर्षांत एकदाही नीट मोजलेलं नाही. त्याचा महिन्याचा संसार ज्या आकड्यावर उभा राहणार, तो आकडा हवेतला चालणार नाही.

आजपासून मोजायचं. ओडोमीटर 41,286.

18 जानेवारी, शनिवार

पद्धत ठरवली. टाकी फुल ते टाकी फुल. पंप एकच, नोझल तेच, वेळ सकाळी सातच्या आत. पहिला कट झाला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडलं, की एक मिनिट थांबायचं, दुसरा कट झाला की बंद. रक्कम राउंड फिगर करायला वर चार थेंब टाकायचे नाहीत. पंपावरच्या मुलाला तीनदा समजावलं, आता त्याला पाठ झालंय.

इतकं करूनही दोन भरण्यांत अडीचशे-तीनशे मिली इकडेतिकडे होतंच. 25 लिटर भरले तर ती चूक टक्काभर. पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढलं तर तीच चूक सहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून 19 लिटरच्या खालचं भरणं हिशेबात धरणार नाही.

पंपाचं मापही तपासून घेतलं. प्रत्येक पंपावर वैध मापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, गिऱ्हाइकाने मागितलं की त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. आमच्या नोझलने दहा मिली कमी दिलं. म्हणजे पंप ठीक आहे, ॲव्हरेज पडतं ते पंपामुळे नाही.

गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्रही बसवलं. वेग, इंजिन चालू असल्याचा वेळ, तासाला जळणारं पेट्रोल हे सगळं फोनवर साठतं. त्याच्या लिटरवर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही, दर टाकीला पंपाच्या लिटरशी जुळवून घेईन.

26 जानेवारी, रविवार

कराडला जाऊन आलो, मुख्य काम ओडोमीटर तपासायचं. सातारा सोडल्यावर किलोमीटरचे दगड आणि फोनचा जीपीएस दोन्ही धरून 40 किमी मोजले. ओडोमीटरने दाखवले 40.6. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं आणि काटा पुढे पळतो. दीड टक्का. म्हणजे आजवर मी जे काही सांगत होतो त्यातले दीड टक्के गाडी धावलेलीच नव्हती. यापुढचे सगळे किलोमीटर 0.985 ने गुणून लिहिणार.

8 फेब्रुवारी, शनिवार

पहिली शहरी टाकी संपली. कोथरूड–हिंजवडी–कोथरूड, शिवाय मंडई आणि दोनदा स्टेशन.

दुरुस्त अंतर 380 किमी. पेट्रोल 26.1 लिटर. 14.6.

समोरच्या डिस्प्लेवर मात्र 16.1 दिसत होतं. आकडा दोनदा तपासला, चूक नाही. डिस्प्ले इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून अंदाज बांधतो, आणि अंतर त्याच पुढे पळणाऱ्या ओडोमीटरचं घेतो.

ओबीडीची नोंद उघडून बसलो तर जीव हळहळला. सरासरी वेग ताशी 17. इंजिन चालू असल्याच्या वेळातला 31 टक्के वेळ चाक जागचं हललेलंच नाही. तीन आठवड्यांत जवळजवळ सात तास मी चांदणी चौक, भूमकर चौक आणि सिग्नलांवर उभा होतो. उभ्या गाडीत इंजिन तासाला 0.6 लिटर पितं, म्हणजे 26 लिटरमधले चार लिटर शून्य किलोमीटरसाठी गेले.

16 फेब्रुवारी, रविवार

सकाळी एआरएआय टेकडीवर. तिचं खरं नाव वेताळ टेकडी, पण आमच्याकडे सगळे तिला उतारावरच्या संस्थेच्या नावानेच ओळखतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना 1966. देशभर कुठेही गाडी घ्यायला जा, "एआरएआय मायलेज" हा शब्द कानावर पडतो. तो इथला, मी रोज मोरांचे आवाज ऐकत चालतो त्या टेकडीचा. (चाचणी दरवेळी इथेच होते असं नाही. हरियाणातल्या मानेसरच्या आयकॅटसारख्या दुसऱ्या अधिकृत संस्थाही ती करतात. नाव मात्र हेच चिकटलंय.)

चाचणी कशी होते ते आठवडाभर वाचत होतो. माझ्या 14.6 चं निम्मं उत्तर त्यातच आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

गाडी रस्त्यावर जात नाही. बंद खोलीत चाकं रोलरवर ठेवतात. खोलीचं तापमान 20 ते 30 अंशांच्या मध्ये. एसी बंद. ड्रायव्हरसमोर पडद्यावर वेगाची रेघ असते, त्या रेघेवर गाडी ठेवायची. या रेघेला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात, आद्याक्षरांनी एमआयडीसी; आपल्या औद्योगिक वसाहतींशी तिचा संबंध नाही. ती युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीवरून घेतलेली आहे. लांबी 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांनाही कमी. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. आधी 195 सेकंदांचा शहरी तुकडा चार वेळा, मग 400 सेकंदांचा शहराबाहेरचा. युरोपात तो 120 पर्यंत जायचा, आपल्याकडे 90 वर थांबतो.

आणखी एक गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. पेट्रोल लिटरने मोजतच नाहीत. सायलेन्सरमधून येणारा धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि तेवढा कार्बन यायला किती पेट्रोल जळलं असेल ते गणिताने काढतात. पद्धत पक्की आहे, माझ्या नोझलच्या दोन कटांपेक्षा कितीतरी अचूक. आकड्यात लबाडी नाही.

मग फरक कुठे? मी समजत होतो की त्या चाचणीत गाडी थांबतच नसेल. तसं नाही. शहरी तुकड्यातही जवळपास तिसरा हिस्सा वेळ गाडी उभीच असते आणि सरासरी वेग 18-19 आहे, अगदी माझ्यासारखा. फरक वेग धरण्यात आहे. त्या रेघेवर शून्यापासून 50 गाठायला 26 सेकंद मिळतात. आज टेकडी उतरताना मनात 26 आकडे मोजून पाहिले. पौड रोडवर सिग्नल सुटल्यावर इतका वेळ घ्यायची सोय कुणाला आहे? रेघेवर खड्डा नाही, गतिरोधक नाही, चढ नाही, हाफ क्लचवर वावभर पुढे सरकणं नाही. मुख्य म्हणजे, खर्च केलेली गती मागच्या रिक्षाने कट मारला म्हणून ब्रेकमध्ये जाळून टाकणं नाही.

28 फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी शहरी टाकी. रस्ता तोच, पण चालवणं बदललं. लवकर वरचा गिअर, पुढच्या गाडीपासून अंतर, सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढायचा. 26 सेकंद जमले नाहीत, पण 14-15 सेकंद जमले.

388 किमी, 24.4 लिटर. 15.9.

घरून ऑफिसला पोचायला सरासरी दोन-तीन मिनिटं जास्त लागली. त्या बदल्यात लिटरमागे सव्वा किलोमीटर. हे मी आता सोडणार नाही.

2 मार्च, रविवार

काल कराड, आज परत. क्रूझ कंट्रोल नाही, पण काटा 75-80 वर धरून ठेवला. जाताना खंबाटकीचा घाट चढलो, येताना बोगदा. एसी बंद, खिडक्या जवळजवळ बंद, दोघं जण.

412 किमी, 19.2 लिटर. 21.5.

पंपावरचा मीटर बघून खूप बरं वाटलं. हीच गाडी, हेच इंजिन, हेच पेट्रोल. पत्रकातला आकडा अगदी हाताच्या अंतरावर आला. म्हणजे गाडी खोटं बोलत नाही.

23 मार्च, रविवार

पुन्हा कराड. एकच गोष्ट बदलली: जिथे रस्ता मोकळा, तिथे काटा 100 वर.

414 किमी, 23.3 लिटर. 17.8.

वीस किलोमीटर वेग वाढवून लिटरमागे साडेतीन किलोमीटरपेक्षा जास्त गेले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 चे 100 केले की तो 1.56 पट होतो. आमच्यासारख्या उंच डब्याच्या गाडीला तर हवा समोरून भिंतीसारखी लागते. जाताना वीसेक मिनिटं वाचली, ती कोरेगावच्या फाट्याशी चहा घेण्यातच गेली. चाचणीच्या रेघेवर 90 चा वेग थोडाच वेळ येतो, 100 कधीच येत नाही. द्रुतगती मार्गावर ज्याचा रोजचा प्रवास 100 ने होतो, त्याच्या प्रवासाबद्दल 22.4 हा आकडा काहीच सांगत नाही.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

आत्तेभावाला पाडव्यालाच गाडी बुक करायची होती. म्हटलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांब, उन्हाळ्याची एक टाकी मोजू दे. त्याने ऐकलं, पण आवाजात खट्टू झाल्याचं कळत होतं. शोरूमवाल्याने त्याला "हायवेला चोवीस पण देते" असं सांगितलंय.

त्याचा हिशेब फोनवर पुन्हा मांडला. महिन्याला 2,200 किमी, लिटरला 104 रुपये धरून. 22.4 ने 98 लिटर. त्याच्या विसाने 110 लिटर, 11,440 रुपये. मी म्हटलं सोळा धर. 137.5 लिटर, 14,300 रुपये. तो एकदम गप्प झाला. 20 आणि 16 मधले 2,860 रुपये म्हणजे त्याच्या मुलीची शाळेची रिक्षा आणि क्लास.

सीएनजीचंही बोललो. तिकडे डिकीत सिलिंडर आला की पॅसेंजरच्या बॅगा कुठे ठेवायच्या हा त्याचा प्रश्न. रेल्वे स्टेशनची भाडी करायची म्हणतोय, त्याला डिकी हवीच.

13 एप्रिल, रविवार

पहाटे सहाला औद्योगिक वसाहतीतल्या सपाट, सरळ, निर्मनुष्य सिमेंटच्या रस्त्यावर. रोलरच्या चाचणीत एक कळीचा मुद्दा आहे: रोलरने चाकाला किती विरोध करायचा हे कुठून ठरतं? त्यासाठी खरी गाडी खऱ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडून देतात आणि ती किती वेळात मंदावते ते बघतात. हा विरोध कमी दाखवला की पुढची सगळी चाचणी नियमाने होऊनही आकडा फुगतो. 2016 मध्ये जपानमध्ये हेच उघड झालं. मित्सुबिशीने ईके वॅगन आणि निसानसाठी बनवलेल्या डेझ अशा सव्वासहा लाख लहान गाड्यांसाठी हा विरोध खोटा, कमी करून दिला होता. त्याच वर्षी सुझुकीनेही मान्य केलं की त्यांनी ठरलेल्या पद्धतीने गाडी न सोडता सुट्या भागांच्या मापांवरून हा आकडा काढला. त्यांचा सागाराचा चाचणीमार्ग समुद्राजवळ आहे आणि तिथे वारा फार, असं कारण दिलं होतं.

माझा प्रयोग साधा. 60 पासून 20 पर्यंत, न्यूट्रल, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. हवा 33 पीएसआय असताना सरासरी 55 सेकंद. मग मुद्दाम 26 पीएसआय केली, 51 सेकंद. डोळ्यांना टायर तसाच दिसत होता. मागचे कित्येक महिने मी हवा तपासलेली नव्हती हे आठवलं आणि वाईट वाटलं. घरी येताना हवा परत 33 केली. आता दर रविवारी, गाडी थंड असताना.

26 एप्रिल, शनिवार

उन्हाळ्याची शहरी टाकी. पारा चाळिशीला टेकलेला, एसी पूर्ण वेळ.

356 किमी, 27.4 लिटर. 13.0.

थांबलेल्या गाडीचा खर्च तासाला 0.6 वरून 0.95 लिटर झालाय. महामार्गावर एसीचा भार इतका जाणवत नाही, कारण तिथे इंजिन तसंही जोरात काम करतं आणि किलोमीटर भरभर सरतात. शहरात मात्र गाडी उभी असली तरी कॉम्प्रेसर ओढतच राहतो. लहान इंजिनाला हा भार प्रमाणात मोठा पडतो. आणि चाचणीत एसी बंद! पुण्यात एप्रिलमध्ये, नागपुरात मेमध्ये कोण एसी बंद ठेवून पॅसेंजर बसवणार?

आत्तेभावाला आकडा कळवला. सोळाही जास्त धरलेत का, असं त्याने विचारलं. त्याचा रस्ता निम्मा महामार्गाचा आहे, कराडात हिंजवडीसारखी कोंडी नाही. सोळाच ठेव म्हटलं.

30 एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. त्याने गाडी घेतली. फोटोत आत्या हळदी-कुंकू लावतेय. मी त्याला एक वही दिली आहे, पहिल्या पानावर दोन कट, एक मिनिट, राउंड फिगर नाही, एवढंच लिहून.

11 मे, रविवार

पनवेलला लग्न. जाताना 22.3, येताना 18.1, ओबीडीवर, पंपाशी जुळवून. अंतर दोन्हीकडे 120 किमी. पेट्रोलमधला फरक सव्वा लिटर.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. दोन माणसांसह 950 किलोची गाडी तेवढी वर उचलायला सुमारे पाच मेगाज्यूल ऊर्जा लागते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव भागच चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे जवळपास 0.7 लिटर नुसतं उंचीचं. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं, पण घाटात ब्रेक लावला की तेवढं गेलं. "मुंबईला जाताना गाडी पळते, येताना दमते" असं वडील म्हणायचे. आज त्या दमण्याचं माप मिळालं.

15 जून, रविवार

इथेनॉल. हल्ली पंपावर 20 टक्के मिसळलेलंच मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. साध्या गणिताने शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमधली ऊर्जा सातेक टक्क्यांनी कमी, दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांनी. नीती आयोगाने 2021 मध्ये मांडलेल्या आराखड्यातही जुन्या घडणीच्या चारचाकींना 6-7 टक्के फटका बसेल असं लिहिलेलं आहे. माझ्या शहरी टाकीतला फरक 35 टक्क्यांचा आहे. सगळा दोष इथेनॉलवर ढकलणाऱ्या आमच्या पार्किंगमधल्या मंडळींना मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले.

13 जुलै, रविवार

पाऊस. मुलाला शाळेत सोडायच्या तीन किलोमीटरच्या फेऱ्या. गार इंजिनाच्या पहिल्या दोन किलोमीटरला ओबीडी 8-9 दाखवतं. उद्यापासून शाळेची फेरी ऑफिसच्या वाटेलाच जोडणार.

2 ऑगस्ट, शनिवार

सहा महिन्यांहून थोडं जास्त झालं. एकूण 5,212 किमी, 318.6 लिटर. 16.4. पत्रकाच्या 73 टक्के. उलट बाजूने सांगायचं तर कागदावर सांगितलं त्यापेक्षा 37 टक्के जास्त पेट्रोल मी भरलं.

हे माझ्याच गाडीचं दुखणं नाही. युरोपात एनईडीसी असताना आयसीसीटी या संशोधन संस्थेने हाच फरक वर्षानुवर्षे मोजला. 2001 मध्ये तो 9 टक्क्यांच्या आसपास होता, 2015 मध्ये 42 वर गेला. गाड्या चाचणीच्या रेघेसाठी घडत गेल्या. मग 2017 पासून तिथे डब्ल्यूएलटीपी ही जास्त लांब आणि वेगवान चाचणी आली. गाड्यांमध्येच बसवलेल्या मीटरांच्या नोंदी जमवून युरोपीय आयोगाने 2024 मध्ये जाहीर केलं की पेट्रोल गाड्यांचा फरक अजूनही 23.7 टक्के आहे.

कुठलीही एक रेघ सगळ्यांच्या रस्त्यांना पुरणार नाही, हे मला मान्य आहे. पण एकच आकडा छापायची सक्ती कुणी केलीय? अमेरिकेत शोरूममधल्या गाडीच्या काचेवर शहराचा वेगळा आणि महामार्गाचा वेगळा आकडा चिकटवलेला असतो, आणि 2008 पासून त्यात एसीचा आणि जास्त वेगाचा हिशेबही धरतात. जपानमध्ये आता शहर, उपनगर आणि द्रुतगती मार्ग असे तीन आकडे छापतात. आपल्या चाचणीतही शहरी तुकडा आणि बाहेरचा तुकडा वेगळेच आहेत. वेगळे मोजता येतात ते वेगळे छापा, आणि एसी चालू ठेवून एकदा मोजा. लहान गाडी घेणारा माणूस ॲव्हरेज बघूनच घेतो, त्याच्यासाठी ही बारीक अक्षरातली तळटीप असू नये. गेल्या वर्षी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका गिऱ्हाइकाला मिळालेली एक लाख रुपयांची भरपाई कायम केली. जाहिरातीत 16 ते 18 होते, त्याला मिळाले 10.2. गाडी 2004 ची होती. त्याला वीस वर्षं लागली.

9 ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा

आत्तेभाऊ सकाळी पुण्याचं भाडं घेऊन आला होता, तासभर घरी थांबला. वही दाखवली. सात टाक्या: 17.4, 16.9, 15.2, 15.8, 16.6, 16.1, 16.3. तिसरी टाकी मेमधली, चार-चार पॅसेंजर आणि एसी. एका टाकीपुढे "कट एकच, धरू नये" असं त्याच्या अक्षरात लिहिलंय आणि ती त्याने खरंच सरासरीत धरलेली नाही.

"दादा, विसाने हिशेब केला असता तर जूनचा हप्ता चुकला असता," म्हणाला.

जाताना त्याच्या टायरची हवा बघितली. पुढचा डावा 27. दोघं मिळून कोपऱ्यावरच्या पंपावर गेलो आणि चारही 33 करून घेतले. आठवी टाकी तिथेच फुल केली. पेट्रोल 24.8 लिटर, दोन कट. त्याच्या गाडीचा ओडोमीटर दगडांवर अजून तपासलेला नाही. पुढच्या रविवारी सातारा–कराड.